नूरीचा होकार

कोथिंबिरीच्या जुडीचं ते लाल रबर... लिझीनं ते करंगळीला एक वेढा देऊन गुंडाळलं, मग दुसरा दिला, बोट जांभळं पडेस्तोवर वाट पाहिली आणि सोडलं. पुन्हा गुंडाळलं. ओट्यावरच्या वाडग्यात अशी ढीगभर रबरं साठली होती, कारण या घरात रबर टाकायचं नाही असा नियम होता. आणि तो लिझीचा नव्हता, तिच्या नवऱ्याचा, पॅट्रिकचा तर नव्हताच, तो घरकामाला असलेल्या नूरीचा होता. नूरीच्या सुमात्रातल्या गावी रबराची झाडं. उजाडायच्या आत सालीवर तिरकी चीर द्यायची, खाली करवंटी बांधायची आणि पांढरा चीक थेंबथेंब जमेल तसा जमू द्यायचा. पुढे त्याचे गोळे होतात आणि त्यांना मेलेल्या उंदरासारखी घाण येते, हे नूरी मोठ्या अभिमानानं सांगायची. इतक्या वेळा सांगायची की लिझीला आता ते गाव वसईपेक्षा जास्त पाठ झालं होतं. कुणाची बकरी कुणाच्या कुंपणात शिरते, रबर न्यायला येणारा ट्रक कुठल्या वळणावर रुततो...

"मॅडम, शाम को बोलेंगे ना?" नूरीनं मघाशीच विचारलं होतं. "हाँ बोलूँ, के ना बोलूँ? मामा फोन करेगा."

"शाम को," लिझी म्हणाली होती. शुक्रवार होता, इथल्या सुट्टीचा वार, मिस्साला निघायचं होतं. देवाकडे निघालेल्या माणसाला असे प्रश्न विचारू नयेत. तिथे गेल्यावर ते सोबत आत येतात आणि बाकावर शेजारीच बसतात.

तसंच झालं. फादर काय बोलले ते तिला आठवेना. सबंध मिस्साभर तिच्या डोक्यात ती जमीन... तिन्ही अंगांनी पामतेलाच्या कंपनीची झाडं, कवायतीला उभी केल्यासारखी, आणि मधोमध रबराचा एकच तुकडा उरलेला, नूरीच्या घराण्याचा. तो कंपनीला हवा होता. गावचा मुखिया राजी होता, भाऊबंद राजी होते, मामा तर सगळ्यांहून राजी. आणि घोडं अडलं होतं कुठे, तर कतारमध्ये, दोह्याच्या अल सद्दमधल्या एका फ्लॅटमध्ये, सिंकपाशी. त्यांच्या लोकांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. मामानं ती राखायची, तंटे मिटवायचे, चारचौघांत बोलायचं. पण द्यायची म्हटली की भाचीचं 'हो' लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लिझीला हसू आलं होतं. "मतलब, जमीन तेरा?"

"मेरा नहीं, मॅडम. मम्मी का था, मरियम का होगा. मैं बीच में."

मरियम म्हणजे नूरीची मुलगी, गावी मावशीकडे असते, सहावीत.

खरं म्हणजे उत्तर अगदी सोपं होतं, आणि लिझीला बेचैनी त्याचीच होती. नूरी 'हो' म्हणाली तर जमीन कंपनीची, आणि नूरी इथंच राहणार. 'नाही' म्हणाली तर मामानं बजावलेलं, मग स्वतः ये आणि स्वतः राख. झाडं चिरायला माणूस नाही, जमीन पडीक दिसली की कंपनी आपोआप आत सरकते. म्हणजे नूरी जाणार. मग लिझीच्या हॉस्पिटलातल्या शिफ्ट, एलिशाची शाळा, आणि पॅट्रिक — ज्याला स्वतःचे मोजे स्वतःच्या पायात असतानासुद्धा सापडत नाहीत... एखाद्या न्यायाधीशाचं जेवणखाण आरोपीच्या घरून येत असावं, तशी तिची गत झाली होती.

"सांग ना हो म्हणून," परतताना गाडीत पॅट्रिक म्हणाला. "रबराला काय भाव आहे आज? पाम म्हणजे प्रोग्रेस. खलास."

"तुला काय कळतं रे रबरातलं?"

"काही नाही. म्हणून तर स्पष्ट बोलतो."

मागच्या सीटवरून एलिशानं इअरफोन काढला. "मम्मा, इज नूरी लीव्हिंग?"

"कोण म्हणालं?"

"शी सेड यू विल डिसाइड." आणि इअरफोन परत घातला.

यू विल डिसाइड... लिझी खिडकीबाहेर पाहू लागली. घर जवळ आलं तसं तिनं एकदम पॅट्रिकला गाडी सूक वाकिफच्या बाजाराकडे घ्यायला लावली, दालचिनी संपलीय म्हणून. दालचिनी संपली नव्हती. मसाल्याच्या दुकानात तिनं एक तुकडा उचलला, तेव्हा दुकानदार जहूर म्हणाला, "लीजिए बाजी, इंडोनेशिया का माल है." तिनं तो विंचू असावा तसा खाली ठेवला.

आणि तिथे, पोत्यांच्या मधे, ते आलंच... वसईचं रजिस्ट्रार ऑफिस, भिंतीवरचा हलणारा पंखा, आणि तिचा भाऊ ऑल्विन, इस्त्रीच्या शर्टात. "लिझे, फॉर्म्यालिटी आहे गं नुसती." हक्कसोड. बावखलाच्या, गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठची केळीची वाडी, जिथं लहानपणी पाण्यात पाय सोडून ती आणि ऑल्विन बसत, ती तिनं सोडली होती, सही करून, अंगठा देऊन, कॅमेऱ्याकडे बघून. वर ऑल्विननं बिर्याणी खिलवली. चर्चच्या अंगणात बायका म्हणाल्या होत्या, बहीण असावी तर अशी, आणि तिला केवढं बरं वाटलं होतं. चहा निवायच्या आत सगळं उरकलं होतं. आता बावखल बुजलंय, वर इमारत आहे. ऑल्विन तिसऱ्या मजल्यावरून 'गुड मॉर्निंग'ची फुलं पाठवतो. तिला राग नव्हता. रागावायला काही कारणच सापडत नव्हतं, इतक्या प्रेमानं सगळं झालं होतं... फक्त एवढंच, की ऑल्विननं तिला विचारलं होतं का? सांगितलं होतं. पेन कुठे टेकवायचं ते दाखवलं होतं. ती काय म्हणेल म्हणून त्याचा घास कधी अडकला होता का?

"बाजी, कितना दूँ?"

"नहीं चाहिए," ती म्हणाली, आणि मग लाजेकाजेस्तव पाव किलो घेतली.

घरी आली तेव्हा तिचं ठरलं होतं. 'हो' म्हणायला सांगायचं. मुलीचं शिक्षण, तिथं काय ठेवलंय, आजकाल कोण चिरतं झाडं... वाक्यं जिन्यात जुळवून ठेवली होती. नूरी स्वयंपाकघरात पापलेट साफ करत होती.

"मॅडम, मामा का दो बार फोन आया."

"फिर? क्या बोला?"

"पहले गुस्सा. फिर बोला, मेरी बच्ची, खाना खाया? तबियत कैसा?" नूरी हसली. खवल्यांचे हात तसेच हवेत धरून, खांदे हलवत हसली. "चार साल कभी नहीं पूछा, खाना खाया."

"तूने क्या बोला?"

"बोला, मैं सोच रही है."

"तो, क्या सोचा?"

"कुछ नहीं, मॅडम. मच्छी धो रही है."

जिन्यातली वाक्यं जिन्यातच राहिली असावीत. लिझी स्टुलावर बसली. हेवा... चक्क हेवा वाटत होता तिला, स्वतःच्या मोलकरणीचा. आणि तो जमिनीचाही नव्हता. समुद्रापलीकडे एक मुखिया, एक कंपनी, सबंध एक गाव तंगड्या आखडून बसलंय, आणि ही बाई इथं पापलेटाचं पोट साफ करतेय, सावकाश, पाणी नितळ येईपर्यंत.

फोन वाजला. ओट्यावर थरथरत तो तांदळाच्या डब्याकडे सरकू लागला. नूरीनं हात पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. "मॅडम?"

"बजने दो," लिझी म्हणाली.

तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला. यातसुद्धा आपलाच फायदा आहे हे तिला समजत होतं. उत्तर लांबलं की नूरीही लांबते, आणखी एक दिवस, आणखी एक आठवडा. मग हे नूरीसाठी म्हटलं, की स्वतःसाठी?... की तिसऱ्याच कुणासाठी, रजिस्ट्रारच्या पंख्याखाली खुर्चीच्या कडेवर बसलेल्या त्या बाईसाठी? कळेना. पण त्या प्रत्येक घंटेसरशी कुणीतरी खोळंबतंय, चुळबुळतंय, घाम पुसतंय, हे ऐकताना तिच्या छातीत काहीतरी हळूहळू ऐसपैस बसत चाललं होतं, आणि घंटा थांबू नये, इतक्यात तरी थांबू नये, असं तिला वाटत होतं.