अकरा वर्षांत एकही राउंड नाही

लिओनी ट्रँटरला अध्यक्षपदावरून काढायचं हे नाताळातच ठरलं होतं. काय कारण सांगून काढायचं, तेवढं ठरायचं बाकी होतं.

बिरूगा खाडीत कालवं पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. सभासद पंचवीस, मतं पंचवीस, आणि त्यातलं बाईचं मत एकच, लिओनीचं. तेही नवरा गेल्यावर खाडीतला पट्टा तिच्या नावावर झाला म्हणून. बाकीच्यांच्या बायका त्याच खाडीत गुडघाभर चिखलात उभ्या राहून कालवांच्या जाळ्या उलट्यापालट्या करतात, शेडमध्ये कालवं निवडताना बोटं कापून घेतात, पण पट्टा नवऱ्याचा, म्हणून मतही नवऱ्याचं. वार्षिक सभा पबच्या मागच्या हॉलमध्ये भरते तेव्हा या बायका शेजारच्या स्वयंपाकघरात सँडविच कापत असतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता नाताळात काय झालं ते ऐका. सणाच्या आधीचा आठवडा म्हणजे कालवांच्या धंद्याची खरी सुगी. सिडनीची हॉटेलं मागतील तेवढा माल घेतात. नेमक्या त्याच आठवड्यात वादळी पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीला लिओनी पट्ट्यावर गेली तर गावच्या सांडपाण्याच्या पंपघराकडून घाण वास आला. सरकारी हुकमाची वाट न बघता तिनं काढणी बंद करायला लावली. भरलेली होडी धक्क्यावरून परत फिरवली.

"नाकाला वास आला म्हणून खाडी बंद?" उपाध्यक्ष केल स्ट्रॅकन भर धक्क्यावर म्हणाला. "या वयात बायकांना कसलेही वास येतात, गड्यांनो."

सगळे खो खो हसले. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात मैला मिसळला होता. ती कालवं शहरात गेली असती तर ऐन सणात माणसं आडवी झाली असती आणि खाडीचं नाव कायमचं बुडालं असतं. मग कुणी येऊन चुकलं म्हणालं? छे! "नशीबवान आहे बाई," एवढंच म्हणाले.

आणि तिच्या आधीचा अध्यक्ष नोएल पाइक? त्यानं अशाच पावसात खाडी चालू ठेवली होती. चाळीस माणसं ओकून ओकून हैराण झाली, अख्ख्या हंगामाचा माल फेकून द्यावा लागला. त्याच नोएलचा फोटो आज पबमध्ये शेकोटीच्या वर टांगलाय. छातीचा माणूस होता म्हणतात! पुरुषानं चूक केली तरी तो छातीचा, आणि बाईनं बरोबर केलं तरी ती घाबरट. हे ऐकून ज्याचं डोकं फिरत नाही, त्याच्या डोक्यात काय भरलंय देव जाणे.

तर मार्चमधली सभा. लिओनीनं वर्षाचा अहवाल वाचला. विक्री वाढली होती, माल एकदाही परत आला नव्हता. कारण सापडेना म्हणून केल नुसताच खाकरत होता. तेवढ्यात म्हातारा अ‍ॅथल बर्च उठला. सगळे त्याला मानत. लिओनीही मानायची. दोन वर्षांपूर्वी त्याचं कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्याचा पट्टा तिनंच बघितला होता.

"मी लिओनीच्या विरोधात नाही," अ‍ॅथल म्हणाला. "कामाला वाघीण आहे पोरगी. पण खरं ते बोलायला पाहिजे. अकरा वर्षं ही शुक्रवारी आपल्या टेबलावर बसते, आपली बियर पिते. या अकरा वर्षांत एकदा तरी हिनं राउंड आणला का?"

हॉलभर माना हलायला लागल्या.

या गावात दारू पिणारा माफ असतो, बायकोशी भांडणारा माफ असतो. पण टेबलावर चौघं बसले आणि तिघांनी आळीपाळीनं सगळ्यांसाठी बियरचा एकेक राउंड आणला, की चौथ्यानं उठलंच पाहिजे. फुकटची पिऊन जो बसून राहतो त्याच्याबरोबर इथे कुणी होडीत बसत नाही. केलला हवं होतं ते कारण आयतं मिळालं.

लिओनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला पहिला शुक्रवार आठवला. ती पर्स घेऊन उठली होती आणि केलनं मनगट धरून तिला खाली बसवलं होतं, "बस गं, आमच्या टेबलावर बाई पैसे काढत नाही." दुसऱ्या वेळी याच अ‍ॅथलनं तिची पर्स उचलून परत पिशवीत घातली होती. तिसऱ्यांदा तिनं शहाणपणा करून बारवरच्या डिमिटीकडे आधीच पैसे देऊन ठेवले, तर केलनं ते परत करायला लावले, आणि टेबलाभर हशा झाला. त्यानंतर तिनं नाद सोडला. तिला वाटलं, मान देतायत. धंद्यात एवढी मोठी चूक तिनं कधी केली नव्हती.

"अ‍ॅथल," ती उभी राहिली. आवाज कापत होता, आणि तो रागानं कापतोय हे कुणालाही कळलं असतं. "माझी पर्स पिशवीत कुणी कोंबली होती?"

"अगं, ते आपलं प्रेमानं..."

"प्रेमानं? अकरा वर्षं माझा हात धरून ठेवलात आणि आज विचारता हात का हलवला नाही? केल, माझं मनगट कुणी धरलं होतं? बोल ना! लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?"

"बघा," केल सभेकडे वळून म्हणाला, "हे असं होतं. साधं बोललं तरी भडकते. अशा स्वभावाची बाई सिडनीच्या व्यापाऱ्यांशी काय बोलणार?"

तिला ओरडून सांगायचं होतं की अध्यक्ष झाल्यापासून पाच वर्षं त्या व्यापाऱ्यांशी तीच बोलत होती. पण केलनं हात वर करायला सांगितलं होतं आणि हात वर गेलेही होते. चौदा विरुद्ध अकरा. केल अध्यक्ष झाला. कुणीतरी टाळी वाजवली.

मग सगळे बारवर आले. "आज सगळ्यांना माझ्याकडून!" केल ओरडला आणि फेसाळलेला एक ग्लास लिओनीपुढे ठेवला. "रुसू नकोस गं. तू आपलीच आहेस."

लिओनीनं तो ग्लास दोन बोटांनी त्याच्याकडे परत सरकवला.

"डिमिटी, स्वयंपाकघरात किती जणी आहेत?"

"सात."

"सात बियर. आणि एक मला." तिनं कार्ड बारवर आपटलं.

केलचा हात सवयीनं पुढे झाला, "अगं, ठेव ते..." पण डिमिटीनं कार्ड मशीनला लावलंही होतं. तिनं केलकडे बघितलंसुद्धा नाही.

बायका एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. आधी त्यांना काय करावं कळेना. मग अ‍ॅथलच्या बायकोनं, मर्लनं, एक ग्लास उचलला. मर्लची बोटं वाकडी झालीत, नखांखाली कालवांच्या शिंपल्यांचे पांढरे ओरखडे कायमचे राहिलेत. एका दमात अर्धा ग्लास संपवून तिनं तोंड पुसलं.

"सदतीस वर्षं मी या खाडीची कालवं निवडतेय," ती म्हणाली. "या पबमध्ये मला आजवर कुणी बियर पाजली नव्हती."

मर्लनं उरलेला ग्लास संपवला, एप्रनच्या खिशातून छोटी पाकिटवजा पर्स काढली आणि तिची चेन ओढली.

"पुढचा राउंड माझा."

लिओनीच्या तोंडून "राहू दे गं, मर्ल" निघणारच होतं. अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि आपला रिकामा ग्लास मर्लपुढे ठेवला.

अ‍ॅथल घाईघाईनं गर्दीतून पुढे आला. त्यानं बायकोच्या पर्सवर आपला पंजा ठेवला. "अगं, तू कशाला? मी देतो ना."

मर्लनं त्याच्याकडे नीट बघितलं.

"हात काढ, अ‍ॅथल."