धाकट्या भावाला नम्र कर

त्या रविवारी पाळकांनी वारसा या विषयावर उपदेश केला आणि दातांच्या डॉक्टरांना वाटलं, हा विषय खास आपल्यासाठीच निवडलाय. तसं त्यांना प्रत्येक चांगल्या विषयाबद्दल वाटायचं. पापावरचा उपदेश मात्र ते नेहमी मागच्या बाकांवरच्या मंडळींच्या वतीने ऐकत.

"तुमच्या मागे मुलाबाळांना घर मिळेल, दागिने मिळतील," पाळक म्हणाले. "विश्वास मिळेल का?"

मिळेल की, डॉक्टरांनी मनातल्या मनात उत्तर दिलं. त्यांच्यापाशी तो उतू जात होता. दवाखाना मुलाच्या हवाली केल्यापासून वेळही होता. चर्चच्या कमिटीवर त्यांनी इतकी वर्षं काढली होती की तिथल्या एका खुर्चीला त्यांच्या बैठकीचा आकार आला होता. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि ती तेच करायचे, कारण बाकीच्यांना ती नीट जमत नाही असं त्यांचं मत होतं. हा एवढा ठेवा नुसता लोकांच्या आठवणीवर सोडून कसं चालेल?

घरी पोचेपर्यंत बेत पक्का झाला. जेवणं उरकल्यावर त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं आणि जाहीर केलं, "मी व्हिडिओ करणार आहे. माझा आध्यात्मिक वारसा. पार पणतवंडांपर्यंत जाईल."

"पणतवंडांनी काय घोडं मारलंय तुमचं?" बायको म्हणाली. ती सोफ्यावर पाय दुमडून वाटाणे सोलत होती.

"अगं, हा थट्टेचा विषय नाही."

"मी कुठे थट्टा करतेय? मी त्यांची बाजू घेतेय."

मुलाने मोबाईल स्टँडवर लावला. सुनेने पडदे सरकवले आणि खुर्चीच्या मागे पुस्तकांचं कपाट दिसेल असं पाहिलं. डॉक्टरांनी कोट चढवला, टाय बांधला. खाली घरातलाच पायजमा होता, पण पुढच्या पिढ्यांनी त्यांना कमरेपर्यंतच पाहावं अशी योजना होती.

सुरुवातीची प्रार्थना नातीने करावी, ही कल्पनाही त्यांचीच. नातीला सगळे चिमणी म्हणत. ती पहिलीत होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आजोबांच्या मांडीवर नात आणि नातीच्या तोंडी देवाचं नाव, याहून गोड चित्र दुसरं कुठलं असणार?

"मनाला येईल ते बोल, बाळा," ते म्हणाले. "प्रभू सगळं ऐकतो."

चिमणीने डोळे मिटले. हनुवटी वर केली, घसा दोनदा खाकरला आणि आवाज जाड केला. तो घसा कोणाचा, हे त्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती. सुनेने ओठ दाताखाली धरला.

"हे दयाळू स्वर्गीय बापा," चिमणी म्हणाली, "आम्ही नालायक आहोत, पण काही लोक आमच्याहून जास्त नालायक आहेत. वरच्या मजल्यावरच्यांना सद्बुद्धी दे. ते गाडी आमच्या जागेत लावतात, हे तू बघतोयसच. पाळकांना थोडक्यात बोलायला शिकव. माझ्या मुलाला पेशंटशी गोड बोलायची अक्कल दे. आणि माझ्या धाकट्या भावाला नम्र कर, प्रभू. चूक त्याचीच होती, हे त्याच्या डोक्यात शिरू दे. आमेन."

मग डोळे उघडून तिने आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आजोबा, पण मला धाकटा भाऊ कुठाय?"

कोणी हसलं नाही. बायकोचा हात वाटाण्यांत तसाच राहिला. मुलाने मोबाईल बंद केला.

"हे कोणी शिकवलं हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"अहो, रोज संध्याकाळी शिकवणी असते की तिची," बायको म्हणाली.

धाकटा भाऊ चिमणीला नव्हता, डॉक्टरांना होता. तो चष्मेवाला होता आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान होतं. चिमणीने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. या दोघा भावांची आई गेली तेव्हा तिच्या कबरीचा दगड डॉक्टरांनी स्वतः लक्ष घालून घडवून घेतला. त्यावर डॉक्टरांचं नाव पदवीसकट आलं आणि भावाला 'व इतर परिवार' यात बसवण्यात आलं. भाऊ चिडला. डॉक्टर म्हणाले, दगडावर जागा नव्हती. पदवीला होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं, आणि डॉक्टर त्याच्या नम्रतेसाठी रोज न चुकता प्रार्थना करत होते. याला ते प्रेम म्हणत.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर डॉक्टरांची पंचाईत झाली. शेजारी, पाळक, मुलगा आणि भाऊ वजा केल्यावर देवाशी बोलायला काही उरेचना. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. क्षमेच्या ओळीपाशी डॉक्टरांना खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भावाच्या दुकानात गेले. भाऊ एका चष्म्याची काडी गरम करून वाकवत होता. त्याने मान वर केली नाही.

"नंबर वाढला का?"

"नाही."

"मग इकडे कसं काय, दादा? रस्ता चुकलास?"

डॉक्टर स्टुलावर बसले. समोर भिंतभर रिकामे चष्मे त्यांच्याकडे बघत होते. "आईच्या दगडावर तुझं नाव हवं होतं," ते म्हणाले.

"छे, नावापुढे लावायला माझ्याकडे काही नाही. शोभलं नसतं."

डॉक्टरांना चांगलं सणसणीत उत्तर सुचलं होतं. ते त्यांनी गिळलं. अक्कलदाढ काढण्यापेक्षा ते आत ठेवणं अवघड होतं.

"चूक माझी होती," ते म्हणाले.

भावाने काडी खाली ठेवली. "पुन्हा म्हण."

"का, ऐकू नाही आलं?"

"आलं. बरं वाटलं, म्हणून." काडी पुन्हा उचलत भाऊ म्हणाला, "मीही रोज प्रार्थना करायचो, दादा. तुला अक्कल यावी म्हणून."

म्हणजे इतकी वर्षं एकाच आईच्या दोन लेकरांकडून देवाकडे एकमेकांविरुद्ध तक्रारी जात होत्या, आणि तो बिचारा घरातलं कोणीतरी पहिलीत जाण्याची वाट बघत बसला होता. हे डॉक्टरांच्या मनात आलं. त्यांचा हात काउंटरवर होता. भावाने त्यावर आपला हात ठेवला, आणि गिऱ्हाईक आत येताच चटकन काढून घेतला.

पाथरवटाने दगड पाहून सांगितलं की नवं नाव घालायचं तर पदवी तासून काढावी लागेल, दुसरी जागाच नाही. डॉक्टरांनी विचार करायला दोन दिवस मागितले. पुढच्या सोमवारी ते स्वतः जाऊन म्हणाले, "काढा."

व्हिडिओचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या रविवारी भाऊ आणि भावजय जेवायला आली. सूप येईपर्यंत आईचा आवाज मोठा होता की नव्हता, यावरून दोघा भावांची चांगलीच जुंपली. बायकोने ताटल्या मांडल्या आणि म्हणाली, "आधी प्रार्थना करा, मग भांडा."

"तू कर," डॉक्टर भावाला म्हणाले.

"तू मोठा आहेस."

"म्हणूनच सांगतोय."

भावाने डोकं झुकवून दोन वाक्यांत आभार मानले. डॉक्टरांना ती प्रार्थना फारच तोकडी वाटली, पण त्यांनी भर घातली नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. चिमणी तेवढी टक्क उघड्या डोळ्यांनी एकदा या आजोबांकडे, एकदा त्या आजोबांकडे बघत होती. ती काय टिपून घेत होती, ते देव जाणे.