मांडीवरचा अंगठा

आमच्या कामात एक अलिखित नियम आहे: घरच्या माणसाला स्वतः तपासायचं नाही. मी तो मोडला. दादाच्या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागू नये असं वाटायचं, म्हणून. प्रेम होतंच, पण त्याहून गर्व जास्त होता, हे आता कबूल करते.

दादा फरश्या बसवायचा. सगळा दिवस उकिडवा बसून काम, त्यामुळे मांड्या लाकडासारख्या टणक. एका अर्धवट इमारतीत कठडा नसलेल्या जिन्यावरून तो खाली पडला आणि पाठीचा कणा मोडला. कमरेखाली काही हलेना, स्पर्शही कळेना. दोन महिने रुग्णालयात काढून तो घरी आला. मी फिजिओथेरपिस्ट. माझी ड्युटी संपली की रोज त्याच्याकडे जायचे. तो मला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणायचा.

दर सोमवारी मी त्याच्या पायांची ताकद तपासायचे. स्नायूंना शून्य ते पाच असे गुण देतात. पाच म्हणजे धडधाकट. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे पाय हलत नाही, पण हलवायला सांगितलं की स्नायू बोटाखाली किंचित आवळतो. एकाचे दोन, दोनाचे तीन मेहनतीने होऊ शकतात. शून्याला मात्र मेहनत करायला जागाच नसते, कारण मेंदूचा निरोप तिथवर पोचतच नाही. आठ सोमवार मी शून्य लिहिलं.

नवव्या सोमवारी लिफ्ट बंद होती. उशीर झाला होता, म्हणून चार मजले धावत चढले आणि दम खायच्या आधीच कामाला लागले. “गुडघा गादीत दाब,” म्हटलं आणि त्याच्या मांडीवर अंगठा रोवला. टक् झालं. पुन्हा झालं. “सोड,” म्हटल्यावरही एकदा झालं, पण तिकडे मी काणाडोळा केला.

“वहिनी!” मी ओरडले. “एक!”

वहिनी हातातलं टाकून धावत आली आणि पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडली. “चला, माझ्या पायाला बढती मिळाली,” दादा म्हणाला. त्या घरात मी चार महिन्यांनी हसणं ऐकलं. माझ्यामुळे. किती छान वाटलं होतं मला!

लिफ्ट बंदच होती; पुढचे सोमवारही मी तशीच धावत चढून तपासलं आणि एकच लिहिलं. त्यानंतर दादाने हातांचा व्यायाम सोडला. तो व्यायाम म्हणजे दोन्ही मुठी गादीवर टेकवायच्या, कोपर ताठ करायचे, बूड वर उचलायचं आणि खुर्चीत सरकायचं. दंडाच्या मागच्या स्नायूंवर सगळी मदार. शिवाय दर थोड्या वेळाने असं उचललं नाही, तर एकाच जागी दाब पडून कातडी मरते. मी सांगून थकले. तो म्हणायचा, “अगं, पाय येतायत ना परत? मग माकडासारखं हातांवर कशाला चालू?” दिवसभर तो गुडघा गादीत दाबत पडून राहायचा, घामाघूम व्हायचा.

चार आठवड्यांनी वहिनीला त्याच्या बुडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी तो फिका पडेना. मी घाबरले आणि आमच्या विभागप्रमुख बाईंना घरी घेऊन आले. बाईंनी चट्टा पाहिला, मग दोन बोटं मांडीवर ठेवून बराच वेळ तपासलं. दादाशी गोड बोलल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

“एक कसं दिलंस?”

मी अंगठा दाखवला.

“धावत आली होतीस?”

मी होकारार्थी मान हलवली.

“अंगठ्याला स्वतःची नाडी असते, हे पहिल्या वर्षाला शिकवतात,” बाई म्हणाल्या. “मीच शिकवलंय तुला. आता त्याला सांगणार कोण?”

“मी.”

बाई गेल्या. वहिनी दारात उभी होती. मी दादाच्या पलंगापाशी बसले आणि सरळ सांगून टाकलं, “दादा, ते ठोके माझे होते. तुझा स्नायू कधी आवळलाच नव्हता.”

त्याने पायांवरची चादर बाजूला सारली. मग म्हणाला, “पुन्हा बघ.”

मी बाईंसारखी दोन बोटं ठेवली. त्याने दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. माझ्या बोटांखालची मांडी गादीइतकीच गप्प होती.

“किती?”

“शून्य.”

“चार आठवडे,” तो म्हणाला. “वेड्यासारखा दाबत होतो गं मी.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. दादाने कोपर टेकवले आणि थांबत थांबत उठून बसला. मुठी गादीवर रोवल्या. दंड थरथरायला लागले. बूड बोटभर वर गेलं आणि धपकन खाली आलं. त्याने पुन्हा उचललं. मी आधाराला हात पुढे केला, तर म्हणाला, “राहू दे. उद्यापासून बाई दुसऱ्या कुणाला पाठवतील का, विचार.”

“दादा…”

“तू येत जा. पण बहीण म्हणून ये. अर्धी डॉक्टर मला नको.”

मला राहवलं नाही. त्याच्या मांडीवर डोकं टेकून मी रडले. मांडीला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याने खाली बघितलं, तेव्हा त्याला दिसलं, आणि मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.