सगळ्यात लहान माप

...आणि दुकानातल्या त्या नेलकटरला एक भिंगही होतं, शर्टाच्या बटणाएवढं. बाळाची नखं कापताना मोठी दिसावीत, बोटाला इजा होऊ नये म्हणून. लोवेलनं ते स्वतःच्या अंगठ्यावर धरून पाहिलं. गव्हाची धूळ मुरून काळपट झालेली नखाची कड, तिच्या शेजारची जुनी चीर – सगळं एकदम अंगावर आल्यासारखं मोठं झालं. नखं कापण्याइतकी वाढायला किती दिवस लागत असतील? प्रश्न साधा होता, होणाऱ्या कुठल्याही बापाला पडावा असा. पण पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की आपण दिवस मोजतो आहोत, आणि त्यानं ते घाईघाईनं खुंटीवर परत अडकवलं.

"का, नको?" त्याची बायको मारित मागून म्हणाली. "नखं जन्मतःच असतात त्यांना. कधीकधी चांगली लांबसुद्धा."

"तुला हवंय का?"

"मी तुला विचारतेय."

दुकानानं दिलेलं यंत्र तिच्या हातात होतं – वस्तूवरच्या काळ्या पट्ट्यांवर रोखून कळ दाबली की पिंक् असा आवाज व्हायचा आणि ती वस्तू त्यांच्या नावच्या यादीत जाऊन बसायची. पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात लोवेलच्या थोरल्या बहिणीनं, आर्डिसनं, बाळाच्या स्वागताचा घाट घातला होता. डुलुथ गावातल्या चाळीस बायका त्या यादीतलं एकेक रंगीत कागदात बांधून आणणार होत्या, वेलचीचा ब्रेड होणार होता, कॉफीचं मोठं भांडं दिवसभर उकळणार होतं... यादी करा, यादी करा म्हणून आर्डिस महिनाभर मागे लागली होती. तेव्हा ते टाळत होते ते निव्वळ आळसानं. केवढा सुखाचा आळस होता तो!

नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या खोलीतली चाकांची खुर्ची ओढून अगदी जवळ आणली होती, आणि त्या बोलायच्या आधी त्या खुर्चीवरूनच लोवेलला कळलं होतं. मुलगी आहे, त्या म्हणाल्या. अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आहे. हृदय नीट बनलेलं नाही. मग तास, असा एक शब्द आला. जिवंत जन्मली तर काही तास... कदाचित काही दिवस. फार थोडी मुलं त्याहून पुढं जातात. त्या हळू बोलत होत्या, प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या, आणि त्या थांबण्यात लोवेल खिडकीबाहेर बघत होता. खाली गाड्या उभ्या करायच्या जागेत एक माणूस काचेवरचा बर्फ खरवडत होता. एवढं सगळं सांगून होईस्तोवर त्याची काच अर्धीसुद्धा झाली नव्हती.

कुणाला सांगितलं नव्हतं. 'जरा थांबू या,' असं लोवेल म्हणाला होता – कशासाठी थांबायचं ते त्यालाच ठाऊक नव्हतं – आणि मारित बरं म्हणाली होती. समारंभ रद्द करायला काहीतरी निमित्त सांगू, तुझा रक्तदाब वाढलाय म्हणू, हेही त्यानंच सुचवलं; त्यावर ती भांडी विसळता विसळता, पाठमोरीच, म्हणाली, "शनिवारी दुकानात जाऊ. यादी करायला." तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे मुलांचं जेवण उतरवणारी बाई. किती पोती, किती डबे, किती ट्रे हे सगळं डोक्यात. तिचं डोकं आता जागेवर राहिलेलं नाही असं त्याला वाटलं. झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात, नुसतं बरोबर चालावं. तसा तो बरोबर आला होता.

डोरीन नावाची एक पांढऱ्या केसांची विक्रेती त्यांच्या मागेमागे होती. नाव छातीवरच्या पट्टीवर, चष्मा गळ्यातल्या साखळीला. मारितनं कपड्यांच्या रांगेतून एक टोपी उचलली तशी ती पुढं आली.

"अगं पोरी, हे माप नको घेऊस. पहिलटकरणी सगळ्या इथंच फसतात. हे आठवडाभरसुद्धा येत नाही अंगाला. तीन महिन्यांचं घे, सहाचं घे. पोरं बघता बघता वाढतात."

"याच्याहून लहान आहे?" मारितनं विचारलं.

"लहान?"

"अजून लहान. दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर."

डोरीनचं हसू जागच्या जागी थांबलं. "डॉक्टर म्हणालेत का तसं, लवकर येईल म्हणून? माझा नातू असाच आला होता, मुठीएवढा. आता दाराची चौकट अपुरी पडते त्याला! काही काळजी करू नकोस." आणि तिनं खालचा खण ओढून सगळ्यात लहान मापाच्या टोप्या काढून दिल्या. मारितनं त्या एकेक करून उजव्या हाताच्या मुठीवर चढवून पाहिल्या. तिसरी बसली. पिंक्.

मुठीवरची ती टोपी बघून लोवेल दोन पावलं मागं सरला... कार्लटनजवळच्या शेतावर तो नऊ वर्षांचा असताना फेब्रुवारीत एक वासरू असंच वेळेआधी आलं होतं. बापानं ते गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं, चुलीजवळ खोक्यात ठेवलं, आणि म्हणाला, जगणार नाही, पण पाजत राहा. ते चार दिवस जगलं. आर्डिस बारा वर्षांची. ती त्या खोक्याशी बसून राहिली, दुधाची बाटली धरून, त्याच्या कपाळावरच्या ओल्या केसांच्या भोवऱ्यावरून बोट फिरवत. आणि लोवेल ते चार दिवस स्वयंपाकघरात गेलाच नाही. बाहेरच्या पडवीत, कोट घालून जेवला. आई म्हणायची, याला काही वाटतच नाही बघ, दगड आहे नुसता. पुढं कितीतरी वर्षं घरात तो विनोद झाला होता – लोवेल आणि त्याची पडवी. तोही हसायचा. पडवीतल्या दारावर कान लावून आपण आतलं प्रत्येक खोकणं ऐकलं होतं, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, मारितलासुद्धा नाही.

त्यांनी एक मऊ पांघरूण घेतलं. मारितनं ते गालाला लावून पाहिलं, मग दुसरं, मग परत पहिलं. पोटाला बांधायचं एक लांबलचक कापड घेतलं, त्यात बाळ आईच्या कातडीला चिकटून राहतं. पावलांचे ठसे घ्यायची शाई घेतली. दुधाच्या बाटल्या, बाबागाडी, पाळण्यावर फिरणारी अस्वलं, हे सगळं ती नजरही न वळवता ओलांडत होती, आणि तिच्या त्या न वळण्याकडे बघता बघता लोवेलच्या लक्षात आलं. ही झोपेत नव्हती. ही एकेक वस्तू हातात घेऊन तिला विचारत होती – तू लागशील का? इतक्या थोड्यात तू लागशील का?

आणि मग ती मोटारीत बाळाला बसवायच्या आसनांच्या भिंतीसमोर थांबली. खालपासून छतापर्यंत आसनं. पट्टे, बकलं, कोवळ्या मानेला आधार द्यायच्या उशा.

"हे नको," लोवेल म्हणाला. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या रांगेतलं एक जोडपं वळून बघायला लागलं.

"हे लागेल."

"मारित... ऐक. हे कशाला लागेल?"

"त्याशिवाय सोडत नाहीत. नियम आहे. बाळ घरी न्यायचं तर सीट दाखवावी लागते." ती एकेकाचं वजन वाचत होती. "मी मंगळवारी दवाखान्यातल्या नर्सला फोन केला होता. म्हटलं, एक दिवस श्वास घेतला तिनं, तर घरी नेता येईल का? ती म्हणाली, येईल. घरी येणारी नर्स देतात, औषध देतात. फक्त सीट पाहिजे. दोन किलोच्या आतल्या बाळाला चालेल अशी. सगळ्या नाही चालत."

"घरी?" तो म्हणाला. "घरी कशाला आणायची?"

शब्द तोंडातून सुटले आणि त्याला ते दिसले – उंबऱ्याशी आडवे झालेले. त्यानं मनात सगळं दवाखान्यात ठेवलं होतं: त्या पांढऱ्या खोलीत सुरू होणार, तिथंच संपणार, आणि आपण दार ओढून घरी येणार. घरी काही घडलेलं नसणार. स्वयंपाकघर, जिना, टेकडीवरून सरोवराकडे उघडणारी ती खिडकी, ह्यांतलं एकही तिला ओळखत नसणार. नऊ दिवस तो ह्या एवढ्या एका गोष्टीला धरून उभा होता, आणि ते त्याला आत्ता, ह्या दिव्यांच्या लखलखाटात कळत होतं.

मारितनं त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"ती कुठली आहे मग?" ती म्हणाली. "दवाखान्याची?"

तिनं गुडघे टेकून सगळ्यात खालच्या आसनाचं माप वाचलं, आणि यंत्र रोखलं. पिंक्. उठताना तिला आधार लागला. तो तिनं भिंतीचा घेतला.

यादी छापून देताना डोरीननं ती चष्म्यावरून वाचली. "एवढंच? पाच वस्तू? अगं, लोक काय म्हणतील!"

"पुरतील," मारित म्हणाली.

दोघं गाडीत येऊन बसले. मार्चातलं तीन वाजताचं ऊन, खाली सरोवरावर करड्या बर्फाच्या लाद्या; आठवड्याभरात बंदर उघडेल, पहिली जहाजं येतील, आणि लोवेलचं गहू भरायचं काम सुरू होईल. त्यानं किल्ली फिरवली तोच फोन वाजला. आर्डिसचं नाव. गाडीच्या ध्वनिवर्धकातून तिचा आवाज दोघांच्या मध्ये येऊन बसला.

"अरे लोवेल, शुद्धीवर आहेस ना? यादी आली माझ्याकडे. टोपी, चादर, शाई... शाई कशाला, पत्रं लिहिणारे का बाळ? चाळीस बायका येणारेत रे! त्यांनी काय टोपीचा एकेक धागा वाटून घ्यायचा? मारित कुठंय? तिला दे. तुला बाहेरच ठेवायला पाहिजे होतं, पडवीत!"

मारित हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच हसली, खरंखुरं, घशातून, आणि ते हसू वर येता येता मध्येच कुठंतरी फाटलं. तिनं मनगट तोंडावर दाबून धरलं.

"आर्डिस," लोवेल म्हणाला.

"बोल की."

"बाळ जगणार नाही."

त्यानं ते गव्हाच्या वजनाची पावती वाचावी तसं सांगितलं. पलीकडे आर्डिसच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला. मग त्यानं बाकीचं सांगितलं – तास, दिवस, हृदय – वाक्यांमागून वाक्यं, एकाही वाक्याशी न थांबता, कारण थांबलो तर पुढलं येणार नाही हे त्याला माहीत होतं. शेवटी आर्डिस एवढंच म्हणाली, "मी रविवारचं बघते. तुम्ही दोघं काही करू नका." मग, वेगळ्याच आवाजात, "नाव ठेवलंय का रे तिचं?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याच वेळी मारित म्हणाली, "हो."

फोन बंद झाला. इंजिन चालूच होतं. कोणतं नाव, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं, पण ते नाव ऐकलं की ते आपल्यापाशीच राहणार, जन्मभर, कुणालाही हाक न मारता... त्यानं गियरवर हात ठेवला आणि गाडी मात्र हलवली नाही.

"उचकी लागलीय तिला," मारित म्हणाली. ती खाली, कोटाच्या बटणांकडे बघत होती. "दुपारची रोज लागते, ह्याच वेळेला."

रोज... म्हणजे कालही लागली असणार. परवाही, तो तळघरात घर तापवायची भट्टी दुरुस्त करत होता तेव्हा. लोवेलनं त्या तासांसाठी मनात एक जागा करून ठेवली होती, मे महिन्यात कुठंतरी, पुढं. तिथं पोचलो की दुःख सुरू होईल, तोवर फक्त दम धरून राहायचं. पण ही उचकी तर आज लागली होती. शनिवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, दुकानासमोर. हे कशात धरायचं? ह्या एकतीस आठवड्यांत तिनं झोपा काढल्या होत्या, लाथा मारल्या होत्या, आर्डिसचा आवाज ऐकला होता कदाचित. आणि त्यातले नऊ दिवस बापानं ती अजून आलेलीच नाही असं समजून काढले होते. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की आपलं जे जाणार आहे ते काही तासांचंच आहे. आता त्याला त्या जाण्याची कड कुठंच हाताला लागेना. ते मागंही पसरत गेलं, पुढंही, आणि मधोमध हा एवढासा ठोका, कोटाच्या आत, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर.

"हात ठेवतोस?" मारितनं विचारलं.

त्याचा हात गियरवरून उचलला गेला, आणि हवेत, तिच्या आणि त्याच्या मध्ये राहिला.

"ठेवतो," तो म्हणाला. "पण थांबली की सांगू नकोस मला."