खिडकीकडे वळणारी खुर्ची

मित्रांनो, भिलाईच्या हुडको कॉलनीतली मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. एका भुताच्या सिनेमात तुम्ही मला पाहिलं असेल आणि माझ्यावर संशयही घेतला असेल.

बोरसीच्या दयाराम सुताराने मला सागवानातून घडवलं आणि बैठक वेताने विणली. मला विकत घेणारे बळीराम मेश्राम स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवत. ड्यूटी संपली की ते माझ्यावर टेकत आणि त्यांची बायको पंचफुला चहा आणून देई. बावीस वर्षं असं चाललं. मग बळीराम वारले. माझा वेत सुटू लागला, डावा पाय डुगडुगू लागला, पण पंचफुलाबाईंनी मला कुणाला दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अभिनव नावाच्या दिग्दर्शकाने आमचं घर आठ दिवस मागून घेतलं आणि मी भुताची खुर्ची झाले. पडद्यावर मी आपोआप हलते ना, तेव्हा स्वयंपाकघरातून गोलू नावाचा कामगार बारीक नायलॉनची दोरी ओढत असे. भिंतीवरचं रक्त बिटाचं होतं. करकर मात्र खरी, माझ्याच पायाची.

एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशीच राहावी, हे पाहण्याचं काम उत्कर्षाकडे होतं. ती माझे फोटो काढून ठेवी. तरीही सिनेमा नेटवर आल्यावर पियूष नावाच्या प्रेक्षकाने चूक पकडली. नायिका दचकते तेव्हा माझं तोंड दाराकडे, अन् पुढच्याच क्षणी खिडकीकडे. अशा चार जागा त्याने व्हिडिओत लाल गोल करून दाखवल्या.

मग जो तो दुसऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागला. अभिनवला वाटलं, उत्कर्षाने कामचुकारपणा केला. पुढच्या सिनेमातून तिला वगळायचं त्याने ठरवलं. उत्कर्षाचा संशय गोलूवर. गोलू शपथेवर सांगे की आपण दोरीशिवाय कशाला हात लावला नाही. कॉलनीत तर कुजबुज सुरू झाली, की बळीरामच येऊन बसतात. मुलं आमच्या फाटकासमोरून धूम पळू लागली. मला फिरवणारे हात मी ओळखले होते, पण खुर्चीची साक्ष कोण घेतं?

अखेर उत्कर्षा एकटीच घरी आली. फोटो वेळेप्रमाणे लावून पाहता तिच्या लक्षात आलं होतं, की मी दर वेळी जेवणाच्या सुट्टीतच फिरले होते. सुट्टीनंतर पुन्हा तपासून घ्यायचं तिच्याकडूनही राहिलं होतं. तिने पंचफुलाबाईंना खोदून खोदून विचारलं.

"मीच फिरवत होती," त्या म्हणाल्या. "आमचे हे खिडकीकडे तोंड करूनच बसत. त्याइच्या खुर्चीत तुम्ही भूत बसवलं, ते मले पाहवलं नाही."

"मग तेव्हाच काऊन नाही सांगितलं, काकू?"

"घर द्याले मीच हो म्हटलं होतं. कोणत्या तोंडानं सांगू? पण आता लोक त्याइलेच भूत म्हणून राहिले. आमच्या घरात भूतबीत मानत नाही आमी. फोन लाव, मी बोलतो त्या अभिनवसंग."

अभिनवने सगळं ऐकून घेतलं. उत्कर्षाचं काम टिकलं. दुसऱ्या दिवशी सिनेमाखाली त्याने खरी हकिकत लिहिली आणि शेवटी एक ओळ जोडली: 'खुर्ची: बळीराम मेश्राम यांची.' पंचफुलाबाईंनी ती उत्कर्षाकडून दोनदा वाचून घेतली.

मित्रांनो, चुका जरूर पकडा; त्यात गंमत आहे. पण कुणाच्या घरातली वस्तू मागून आणाल, तेव्हा तिला हात लावण्याआधी एवढं विचारा, की हिच्यावर कोण बसत होतं.