गाडी चालू ठेवायची पंधरा मिनिटं

दौलतसिंहनं काउंटरवर कार-स्टिरिओचा तिसरा डबा उघडला, तेव्हा नानांचा हात नकळत कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. पत्र जागेवर होतं. दहा महिने ते असंच जागेवर होतं; उन्हाळाभर सदऱ्याच्या खिशात, आता थंडी पडल्यावर कोटाच्या. देवासहून आलेलं, सूर्याजीच्या ठसठशीत अक्षरातलं, चार ओळींचं. ‘नाना, गरिमाचं ते मी फक्त तुला सांगितलं होतं. तुझ्याच गाडीत बसून. दुसऱ्या कुणाला नाही. तू बोललास का, एवढंच कळव.’

एवढंच कळवायचं होतं, आणि तेच नानांना कळवता आलं नव्हतं.

“अंकल, ये देखिए. नौ इंच का टच है. फोन जेब में रखिए, सब यहीं आ जाएगा. नक्शा, गाने, फोन सब.”

“नाना, बघा तरी,” पुष्कर म्हणाला. “तुमचा पंच्याहत्तरावा आहे. जुन्याचा डिस्प्ले पूर्ण गेलाय. आणि तुम्हाला फोन उचलायला स्टिअरिंग सोडावं लागणार नाही, बस.”

“मी चालवतो कुठे रे आता?”

“चालवाल ना. स्टिरिओ छान असला की मन लागतं.”

नानांनी मान डोलावली. मुलगा सुट्टीच्या दिवशी आपल्याला घेऊन पडावच्या बाजारापर्यंत येतो, दुकानात तासभर उभा राहतो, हे काही थोडं नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पडदा लगेच उजळला, तसं त्यांनी बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. दौलतसिंह हसला.

गाडी बारा वर्षांची होती. नानांनी चालवणं सोडलं, तेव्हा मेकॅनिकनं बजावलं होतं, रोज सकाळी पंधरा मिनिटं चालू ठेवत जा, नाहीतर बॅटरी बसेल. कॉलेजच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं वेळेवर कुलूप उघडलेल्या माणसाला एवढी सूचना पुरे होती. आठ वाजता ते खाली उतरायचे, किल्ली फिरवायचे आणि नुसते बसून राहायचे. मग शेजारच्या गल्लीतून मफलर गुंडाळून सूर्याजी यायला लागला. पत्नी दुर्गाबाई थर्मास भरून द्यायच्या. काचा वर, हीटर चालू, दोन म्हातारे आणि चहा. “आमचं ऑफिस,” सूर्याजी म्हणायचा. सूर्याजीच्या घरात सुना-नातवंडांचा गलका, नानांच्या घरात पातळ भिंती. मनातलं बोलायला नया बाजारात त्या गाडीइतकी बंद जागा दुसरी नव्हती. स्टिरिओचा निळा उजेड नानांच्या डोळ्यांत जायचा, म्हणून ते त्यावर रुमाल टाकायचे. आवाजाचं बटण तर त्यांनी कधीचंच शून्यावर नेऊन ठेवलं होतं.

तिथंच, मागच्या जानेवारीतल्या एका बुधवारी, सूर्याजीनं सांगितलं होतं. त्याच्या धाकट्या मुलीनं, गरिमानं, भोपाळला नोकरीत असताना कोर्टात लग्न केलं होतं. आठ महिन्यांत ते मोडलं. ग्वाल्हेरात कुणाला पत्ता नव्हता. आता एक चांगलं स्थळ आलं होतं.

“लपवायचं नाहीये मला,” सूर्याजी म्हणाला होता. “मी स्वतः जाऊन सांगणार आहे त्यांना. पण सुरुवात कशी करू, ते सांग. तू वाचलेला माणूस.”

“रविवारी जाऊ. मी येतो बरोबर.”

शनिवारी मुलाकडच्यांचा निरोप आला. तुम्ही आमच्यापासून लपवलंत.

महिन्याभरात सूर्याजी गरिमाला घेऊन थोरल्या मुलाकडे देवासला गेला. जाताना आला नाही. मग पत्र आलं.

नानांनी त्या पत्राला कितीतरी उत्तरं लिहिली. ग्रंथालयातून निवृत्त होताना आणलेली जुनी कोरी सूचिकार्डं घरात होती, त्यांवर लिहायचे आणि फाडायचे. ‘मी बोललो नाही’ असं लिहिलं की पुढचं अक्षर उमटायचं नाही. खरंच नाही? वाचनालयात, देवळात, भाजी घेताना? हल्ली चष्मा कुठे ठेवला हेसुद्धा आठवत नव्हतं. एकदा त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं होतं, “मी झोपेत बोलतो का गं?”

“तुम्ही जागेपणी बोलत नाही, झोपेत काय बोलणार!” त्या म्हणाल्या होत्या.

मग पुष्करला विचारलं. पुष्कर म्हणाला, “जाऊ द्या ना नाना. वयात होतं असं.” दुसऱ्याच आठवड्यात तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. तेव्हापासून रात्री जेवणानंतर एक पांढरी गोळी सुरू होती. स्मरणशक्तीसाठी.

“पुराने वाले में क्या दिक्कत थी, भैया?” दौलतसिंह आता पुष्करकडे वळला होता.

“पुराना हो गया, और क्या.”

“वो मॉडल मैं जानता हूँ. मैंने ही दस-बीस लगाए होंगे. फोन को देखते ही लपक लेता था. गाड़ी नीचे चालू हुई नहीं कि ऊपर आपका फोन पकड़ा. आप छत पर खड़े बात करो, आवाज़ जाए गाड़ी में. और सामने वाला हैलो-हैलो करता रहे और गाड़ी में बैठे लोगों की गप सुने!” तो स्वतःच खदखदून हसला. “एक वकील साहब थे, उनका पूरा केस सामने वाली पार्टी ने सुन लिया.”

पुष्करही हसला. तो डब्यावरची माहिती वाचत होता, नजर वर न उचलता म्हणाला, “अरे, हमारे यहाँ भी हुआ था ये. मिसेज़ ने तो पूरे दस मिनट...”

आणि थांबला.

डबा त्याच्या हातात तसाच राहिला. बाहेरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

“मिसेज़ ने क्या?” नानांनी विचारलं. हिंदीतच विचारलं, जणू ते बोलणं दौलतसिंहचंच होतं आणि आपण फक्त पुढचं ऐकायला थांबलो आहोत.

“काही नाही नाना. असंच. नेटवर्कचं.”

नानांनी उजळलेल्या पडद्याकडे पाहिलं. मग दौलतसिंहकडे.

“भाईसाहब, ऐसा कोई है जिसमें फोन न जुड़े?”

“मतलब?”

“सिर्फ़ रेडियो हो.”

“अंकल, वो तो अब ट्रकवाले भी नहीं लेते!”

“हो तो दिखाइए.”

दौलतसिंहनं पुष्करकडे पाहिलं. पुष्करनं हातातला डबा काउंटरवर ठेवला. मग दौलतसिंह मागच्या खोलीत गेला, खडखडाट झाला, आणि धूळ पुसत एक लहानसा डबा घेऊन आला. दोन गोल बटणं, एक बारीक काच.

“इसमें माइक नहीं है?”

“इसमें कुछ भी नहीं है अंकल.”

“यही लगा दीजिए.”

परतताना पुष्कर गाडी चालवत होता. नव्या रेडिओभोवतीची जुनी मोठी चौकट मोकळी राहिली होती, तिच्यातून दोन वायरी दिसत होत्या. स्टेशनपासचा सिग्नल लागला. तो हिरवा होईपर्यंत पुष्करनं तीनदा घसा खाकरला.

“सीमंतिनी माहेरी होती तेव्हा, दाना ओलीला, तिच्या आईकडे. मी वरून तिला फोन लावला. मला काहीच ऐकू येईना, म्हटलं नेटवर्क नाही, फोन पलंगावर टाकला आणि आंघोळीला गेलो. कट करायचा राहिला. तिला तिकडे तुमचा आणि सूर्याकाकांचा आवाज येत होता. ती मुद्दाम नाही ऐकत बसली नाना.”

“दहा मिनिटं,” नाना म्हणाले.

“तिनं फक्त आईला सांगितलं. आईंची आणि मुलाच्या मावशीची ओळख निघाली. मतलब, कुणी ठरवून नाही केलं.”

“तुला कधी कळलं?”

पुष्करनं आरसा नीट केला. तो नीटच होता.

“त्याच आठवड्यात.”

“म्हणजे पत्र यायच्या आधी.”

“हो.”

देवासचं पत्र पेटीतून काढून वर आणून देणारा पुष्करच होता, हे नानांना आठवलं. ‘सूर्याकाकांचं दिसतंय,’ असं म्हणून तो ते हातात देऊन उभा राहिला होता. हे सगळं त्यांना अगदी स्वच्छ आठवलं, त्यानं घातलेला शर्टसुद्धा.

“तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं मी? सासूबाईंचं नाव घ्यायचं? त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो आपण. सीमंतिनीला माहेरी तोंड दाखवता आलं नसतं. तुम्ही काही बोलला नाहीत, सूर्याकाका निघून गेले, मॅटर आपोआप शांत झालं. मला वाटलं, आता कशाला.”

नाना खिडकीबाहेर पाहत होते. घराची गल्ली आली. गाडी थांबली, पुष्करनं किल्ली काढली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

“मग ती गोळी कशाची होती रे?”

पुष्करनं दार उघडलं होतं. एक पाय बाहेर, एक आत, तसाच तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नाना नेहमीप्रमाणे खाली उतरले. किल्ली फिरवली. काचा वर केल्या. सवयीनं रुमाल काढला, आणि झाकण्यासारखं काही नाही हे पाहून पुन्हा खिशात घातला. मग एक सूचिकार्ड मांडीवरच्या पुस्तकावर ठेवून ते लिहू लागले.

‘सूर्याजी, मी कुणाला बोललो नव्हतो. हे मला स्वतःला काल कळलं. त्या दिवशी स्टिरिओनं वर पुष्करचा फोन पकडला होता, आणि आपलं सगळं बोलणं सीमंतिनीच्या माहेरी ऐकू गेलं. पडद्यावर रुमाल मी टाकत होतो, नाहीतर फोन चालू असल्याचं दिसलं असतं. तेवढा दोष माझा.’

इथं ते थांबले. कार्ड भरत आलं होतं. खाली सही केली असती तरी उत्तर पूर्णच झालं असतं. सूर्याजीनं याहून जास्त विचारलं नव्हतं. नानांनी पेनाचं टोपण लावलं. मग पुन्हा काढलं आणि उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, एक ओळ लिहिली.

‘पुष्करला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.’

पाकिटावर देवासचा पत्ता त्यांनी न बघता लिहिला. दहा महिन्यांत तो पाठ झाला होता. मागची कड जिभेनं ओली करून दाबत असताना काचेवर टकटक झाली. पुष्कर ऑफिसला निघाला होता, हातात हेल्मेट. नानांनी काच अर्धी खाली केली.

पुष्करनं पाकिटाकडे पाहिलं. पत्ता वाचला.

“सूर्याकाकांना?”

“हो.”

“सगळं लिहिलंत?”

नानांनी पाकिटाची कड पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबली. पुष्कर क्षणभर उभा राहिला, मग त्यानं हात पुढे केला. आवाज अगदी रोजचाच होता, दूध आणू का विचारावं तसा.

“द्या, मी टाकतो. पोस्ट माझ्या रस्त्यातच आहे.”

“राहू दे.”

“नाना, एवढ्या थंडीत कशाला जाता? मी देतो ना टाकून.”

“राहू दे,” नाना म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली. आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती. गाडी पंधरा मिनिटांच्या आत त्यांनी आजवर कधी बंद केली नव्हती.

ते चालत निघाले. गल्लीच्या तोंडाशी मागून स्कूटरचा आवाज आला, जवळ आल्यावर मंदावला आणि मग पुढे निघून गेला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी पोहोचल्यावर नानांनी पाकीट फटीत सरकवलं. लगेच सोडलं नाही. मग सोडलं, आणि आत पडल्याचा आवाज ऐकण्यासाठी कान पेटीला लावून उभे राहिले.

आवाज आला. बारीकसा, पण त्यांना नीट ऐकू आला.