एक्स्चेंजचा आवाज

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मास्तर थांबले, तेव्हा मावशी मनात म्हणाली, मेलं, उगाच हो म्हटलं आपण. या माणसाला घेऊन यायचं म्हणजे काय सोपं काम आहे? शिलाई मशिनीवर जन्म गेला त्यांचा. गिऱ्हाइकाचं माप झालं न झालं की टेप गळ्यात, पुढचा कोण? बायकोच्या तेराव्यालासुद्धा लोक बसायच्या आत उठून पाणी आणायला पळत होते. आणि आज मात्र एकेका पायरीवर देवदर्शनाला आल्यासारखे उभे.

"दमलात का?" मावशीनं विचारलं.

"नाही. ती रोज इथूनच चढायची ना?"

"मग काय, खिडकीतून यायची?" मावशी म्हणाली खरी, पण आवाज जरा चुकलाच तिचा. मावशीही रोज इथूनच चढायची. दोघी मिळून चढायच्या, एकमेकींच्या पाठीत बोट खुपसत, उशीर झाला म्हणून एकमेकींना शिव्या घालत.

इमारत दगडी, जुनी, उंच खिडक्यांची. आधी इथे जकातीची कचेरी होती म्हणे. मग टेलिफोन एक्स्चेंज आलं. फोन आपोआप लागायला लागले तसं एक्स्चेंज बंद पडलं आणि दाराला कुलूप लागलं, ते इतकी वर्षं की गावातल्या निम्म्या लोकांना आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. आता गावाचं संग्रहालय झालंय. खाली आगीच्या बंबाचा हातपंप, न्हाव्याची फिरती खुर्ची, नगरपालिकेचा वजनकाटा, कुणाकुणाच्या माळ्यावरून आलेल्या शिवणयंत्रांची रांग. मास्तरांनी एरवी त्या यंत्रांवरून तासभर भाषण दिलं असतं. आज बघितलंसुद्धा नाही.

कारण त्यांचं काम वर होतं. आठवड्यापूर्वी ते मावशीच्या दारात येऊन उभे राहिले होते, आणि आत या म्हणायच्या आधीच बोलायला लागले होते. "तिचा चेहरा दिसतो हो. डोळे मिटले की लख्ख दिसतो. पण आवाज येत नाही. परवा रात्रभर आठवून बघितला. मला हाक कशी मारायची, ते आठवतं, पण तो माझाच आवाज होतो मनात. फोटो ढीगभर आहेत घरात, पण आवाज कुठेच नाही. आणि आता ऐकलं, की संग्रहालयात तुम्हा बायकांचे जुने आवाज ठेवलेत."

ठेवले होते, ते खरं होतं. मोठ्या बाईंची, म्हणजे एक्स्चेंजच्या मुख्य बाईंची, ती करामत. अधूनमधून कुणालाही न सांगता बाई मुलींचं बोलणं टेपवर उतरवून घ्यायच्या, आणि मग शनिवारी सगळ्यांसमोर लावून एकेकीची पिसं काढायच्या. का? तर सगळ्यांचा आवाज एक यायला हवा म्हणून. "ग्राहकाशी तुम्ही बोलत नाही," बाई म्हणायच्या, "एक्स्चेंज बोलतं." त्यासाठी आरशासमोर उभं करून सराव घ्यायच्या. हनुवटी आत, गळा सैल, शेवटच्या शब्दाला जरासं हसू, पण दात दिसणार नाहीत इतपतच. महिन्याभरात मुलीचं सगळं घरदार तिच्या आवाजातून धुऊन निघायचं. स्वतःची आई फोनवर आली तरी ओळखायची नाही.

आणि मास्तर? मास्तर तर हटकून चुकायचे! लग्न नवं होतं तेव्हा दुकानातून फोन करायचे आणि 'एक्स्चेंज' ऐकू आलं की सुरूच. "काय गं राणी, आज लवकर सुटशील का?" आणि इकडे फोन जोडायच्या बोर्डावर मावशी! मास्तरीण शेजारच्या खुर्चीवर पदर तोंडात कोंबून लालबुंद. मास्तरीण हे तिथल्याच पोरींनी ठेवलेलं नाव. एक टेलर मास्तर, म्हणून त्याची बायको मास्तरीण, शिकवण्याशी काडीचा संबंध नाही.

वरच्या खोलीत जुना बोर्ड होता तसा उभा होता. भोकांच्या रांगा, खाली लोंबणाऱ्या दोऱ्या, प्रत्येक दोरीपुढे एक खटका. मावशीनं नको नको म्हणत एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड तेच, गादी मात्र नवी. भिंतीशी एक टेबल होतं आणि त्यावर दोन काळे रिसीव्हर. उचलला की टेप आपोआप चालू व्हायची.

संग्रहालयाच्या बाई बरोबर वर आल्या होत्या. तरुण होत्या, बोलायला गोड. "माळ्यावर टेपा सापडल्या, पण बहुतेक खराब झाल्यात. दोनच नीट निघाल्या," त्या म्हणाल्या. "आवाज कुणाचे ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही ओळखलेत तर आम्हालाही बरंच होईल."

मास्तरांनी पहिला रिसीव्हर उचलला. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. क्षणभर काही नाही, मग कपाळावर आठी. "नव्हे," ते म्हणाले, आणि ठेवलासुद्धा. "ही कुणीतरी दुसरीच. कोरडी आहे अगदी."

दुसरा उचलला. ऐकलं. ठेवून पुन्हा उचलला. पुन्हा ऐकलं. आणि मग त्या माणसाचा चेहरा असा काही झाला की संग्रहालयाच्या बाईंनी मान वळवली.

"हीच," मास्तर म्हणाले. "हीच ती! ऐका, ऐका तुम्ही. शेवटी 'जोडून देते' म्हणायच्या आधी श्वास घेते बघा. अगदी तिचा श्वास. मी कसा विसरलो होतो हो?"

त्यांनी रिसीव्हर ठेवून पुन्हा उचलला आणि मावशीच्या कानाशी धरला.

"एक्स्चेंज. कोण हवंय आपल्याला?" पलीकडे लाकडाच्या वखारीचा मालक नेहमीसारखा ओरडत होता, त्याला दवाखाना हवा होता. मग एक लहानसा श्वास. "जोडून देते."

मावशीनं कान बाजूला घेतला. त्या श्वासावरून मोठ्या बाईंनी शनिवारमागून शनिवार तिची शोभा केली होती. "सुस्कारे टाकायला बसवलंय का तुला इथे?" सगळ्या जणींचा आवाज एक झाला, हिचा श्वास काही गेला नाही. तो आवाज मावशीचा होता.

आता बोला! काय सांगायचं या माणसाला?

ती तोंड उघडणार तोवर मास्तरांनी रिसीव्हर परत स्वतःच्या कानाला लावला होता आणि ते बोलायला लागले होते. त्यात बोलायचं नसतं, ते फक्त ऐकायचं यंत्र आहे, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण बोलले. "कुठे होतीस गं इतके दिवस? घर नुसतं गप्प झालंय. भांडायला तरी येऊन जा." मग आवाज खाली गेला. "मला आवडायचीस तू. फार आवडायचीस. म्हणायचं राहिलंच बघ. वाटायचं, कळतंच असेल हिला."

टेप केव्हाच संपली होती. संग्रहालयाच्या बाईंनी, पदर नव्हता म्हणून, डोळ्यांना बाही लावली.

"हे मला माझ्या फोनमध्ये घालून द्याल?" मास्तरांनी विचारलं. "रोज सकाळी ऐकीन. चहा घेताना."

"देते ना, लगेच देते," बाई म्हणाल्या आणि लॅपटॉप आणायला खाली गेल्या. मास्तर तिथल्या बाकावर जाऊन बसले. खिडकीबाहेर बघत होते आणि चक्क हसत होते.

मावशी उभ्या जागी उभी राहिली. सांगायला हवं होतं, अगदी खरं. पण का सांगायचं? माणूस सुखात आहे, त्याच्या सुखात माती कशाला कालवा? आणि दुसरं एक होतं, ते तिनं स्वतःशीसुद्धा दबकत कबूल केलं. मावशीनं लग्न केलं नव्हतं. तिचा आवाज जपून ठेवावा असं जगात कुणीही नव्हतं. आता कुणीतरी तो रोज सकाळी, चहा घेताना ऐकणार होतं, जिवाचे कान करून ऐकणार होतं. नाव दुसरीचं लागलं म्हणून काय झालं? मोह झाला तिला. चांगलाच झाला.

मग पहिला आवाज कुणाचा, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला तो त्यानंतर. तिनं जाऊन तो रिसीव्हर उचलला.

"एक्स्चेंज. कोण हवंय आपल्याला?" चोख. एवढासुद्धा डाग नाही. हनुवटी आत, गळा सैल, हसू मापात. हा आवाज कुणाचाही असू शकला असता, आणि म्हणूनच मावशीनं तो ओळखला, कारण इतकी तयारीची तिथे एकच होती. मोठ्या बाई इतरांना तिचा दाखला द्यायच्या. बोर्डावर बसली की मास्तरीण स्वतःच्या आवाजात औषधालासुद्धा सापडायची नाही. "जोडून देते," असं आवाज म्हणाला, आणि मास्तरांनी रिसीव्हर ठेवला होता तो इथे. काम झालं की ठेवायचा, हा त्यांचा जन्माचा खाक्या. मावशीला मात्र सवय होती पलीकडचं बोलणं सुरू झाल्याशिवाय कान न काढायची. ती ऐकत राहिली.

खटका पडल्याचा आवाज आलाच नाही. जोडणी झाली की स्वतःचा खटका बंद करायचा असतो, नाहीतर तुम्ही खुर्चीवर जे काही बोलाल ते सगळं तारेवर जातं. भल्याभल्या विसरायच्या. मास्तरीणही त्या दिवशी विसरली होती. रिसीव्हरमध्ये खुर्ची करकरली, आणि मग ते आलं.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग रिसीव्हर जपून जागेवर ठेवला. म्हणजे हा माणूस स्वतःच्या बायकोला इथे टाकून, दुसऱ्याच बाईला खिशात घालून घरी निघाला होता.

संग्रहालयाच्या बाई लॅपटॉप घेऊन वर आल्या. "कुठला हवाय? हा दुसरा ना?"

"थांबा," मावशी म्हणाली. ती मास्तरांच्या शेजारी जाऊन बसली. असल्या गोष्टी घोळवून सांगितल्या की जास्त लागतात, म्हणून तिनं तुकडा पाडला. "मास्तर, तो दुसरा आवाज तिचा नाही. माझा आहे."

मास्तर आधी हसले. "थट्टा करायची ही वेळ आहे का?"

"थट्टा नाही. तो श्वास माझा. त्याच्यावरून किती बोलणी खाल्लीत मी, तुमच्या बायकोनंच रात्रीच्या जेवणावर तुम्हाला नक्कल करून दाखवली असेल."

हसू गेलं. मास्तरांनी मान खाली घातली, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या, या वयात. "म्हणजे मघाशी मी जे काही बोललो, ते..."

"ते मी ऐकलं. ऐकलं नाही म्हणून खोटं कशाला सांगू? चांगलं बोललात. तिला ऐकवायला हवं होतं."

"पण मग मला तिचा आवाजच ओळखू येत नाही की हो," मास्तर म्हणाले. लहान मुलासारखे रडवेले झाले होते. "चला. घरी चला. नकोच हे."

"घरी जाऊ. आधी तो पहिला पुन्हा ऐका."

"ऐकला मी तो."

"अर्धा ऐकलात. उठा बघू. सगळी घाई मेली तुमच्याच पाचवीला पुजलीय का?"

तिनं दंडाला धरून त्यांना टेबलापाशी नेलं आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. मास्तर कोरड्या तोंडानं ऐकत होते. 'जोडून देते' झालं. त्यांचा हात सवयीनं खाली यायला लागला, तसं मावशीनं त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं. "ठेवायचा नाही."

खुर्ची करकरली. आणि त्या चोख आवाजाच्या मागून, घरातून बाहेर पडताना असायचा तसा, घाईचा, थोडासा घोगरा, हसून हसून फुटलेला आवाज आला:

"अगं ए, हे बघ ना! डबा उघडला तर आत बटणं! बटणांचा डबा मला दिला नि माझा नेला बघ दुकानात. काय करू गं मी या माणसाचं? आता तिकडे स्वतःचा खातील, वर माझाही फस्त करतील, नि संध्याकाळी म्हणतील, अगंबाई, दोन होते होय? मला वाटलंच आज पोट कसं भरलं! सरक, तुझ्यातलं अर्धं दे मला."

आणि मग नाकातून आलेलं ते हसू, जे तिला लग्नाच्या मांडवातसुद्धा आवरलं नव्हतं.

मास्तरांनी दुसऱ्या हातानं टेबल धरलं. कडेवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. टेप थांबली, तरी त्यांनी रिसीव्हर तसाच कानाशी दाबून धरला होता, आणि मावशीलाही आता मनगट धरून ठेवायची गरज उरली नव्हती.

"नाही खाल्ला गं," ते म्हणाले. "तू अशी हसत आलीस घरी, म्हणून हो म्हटलं मी, खाल्ला म्हटलं. नव्हता खाल्ला. दुकान टाकून घेऊन आलो होतो तुझा डबा. पुरुषांना वर सोडत नव्हते. खाली दारात उभा होतो गं मी, तुमची जेवणाची सुटी संपेपर्यंत. मग गिऱ्हाइकं खोळंबली असतील म्हणून परत गेलो."